गर्भाशयमुखाची तपासणी : एका चाळणीचा इतिहास



दळणाआधी धान्य चाळायचे, हे आपल्या घरातले नेहमीचे काम. चाळणीत वर जे राहते त्यात खडे असतात, काडीकचरा असतो आणि चांगले टपोरे दाणेही असतात. शहाणी गृहिणी ते सारे उकिरड्यावर फेकत नाही आणि डोळे मिटून जात्यातही घालत नाही. ती ते ताटात घेते, उजेडाला धरते आणि एकेक निवडते. चाळणीचे काम वेगळे काढण्याचे. निवडण्याचे काम त्यानंतरचे.

आजच्या भाषणात मी अशाच एका चाळणीचा इतिहास सांगणार आहे. स्त्रीच्या गर्भपिशवीचे खालचे निमुळते टोक योनीत उघडते. त्याला गर्भाशयमुख म्हणतात. आपल्या बायका साध्या बोलीत पिशवीचे तोंड म्हणतात. या जागी होणारा कर्करोग वेळीच ओळखता यावा म्हणून एक तपासणी करतात. आरोग्य केंद्रात किंवा शिबिरात ती होते आणि काही जणींच्या कागदावर शेरा येतो, 'दोष आढळला' किंवा 'पॉझिटिव्ह'. मग घरात काय होते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. एका घरी रडारड सुरू होते, "झाला कॅन्सर, संपलं सगळं!" दुसऱ्या घरी सासूबाई म्हणतात, "दुखत नाही, खुपत नाही, मग कशाला जायचं परत? सुगी उरकू दे आधी." पहिल्या घराने चाळणीत राहिले ते सारेच खडे समजले, दुसऱ्याने सारेच दाणे समजले.

मी वैद्य नव्हे. महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पण एखाद्या शब्दाचा अर्थ समजून घ्यायचा तर तो शब्द कसा जन्मला हे पाहावे, अशी इतिहासाची रीत आहे. 'दोष आढळला' या दोन शब्दांच्या मागे शंभर वर्षांची हकिकत आहे. ती ऐकली म्हणजे त्यांचा खरा अर्थ उलगडतो.

या हकिकतीचा नायक जॉर्ज पापानिकोलाऊ नावाचा ग्रीक गृहस्थ. ग्रीस देशातील युबिया बेटावर किमी या गावी १८८३ साली त्यांचा जन्म झाला. वैद्यकीचे शिक्षण अथेन्सला झाले, पुढची पदवी जर्मनीत म्युनिकला मिळाली. १९१३ साली ते पत्नी आंद्रोमाखीसह अमेरिकेत आले तेव्हा जवळ पैसा नव्हता आणि इंग्रजीही धड येत नव्हते. पोटासाठी त्यांनी न्यूयॉर्कमध्ये गालिचे विकण्याचे काम केले आणि पत्नीने कपड्यांना गुंड्या शिवल्या. पुढे कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना संशोधनाचे काम मिळाले. तिथे ते गिनीपिग या लहानशा प्राण्याच्या पाळीचक्राचा अभ्यास करू लागले. या प्राण्याच्या योनीतील स्राव काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की त्यातल्या पेशी चक्राच्या दिवसागणिक बदलताना दिसत. हे काम १९१७ साली प्रसिद्ध झाले.

हेच स्त्रियांमध्ये पाहावे असे त्यांनी ठरवले. पण नमुना देणार कोण? त्यांच्या पत्नीने तो दिला, आणि एकदोनदा नव्हे, तर वर्षानुवर्षे दिला. शास्त्राच्या इतिहासात या बाईंचे नाव क्वचितच घेतले जाते म्हणून इथे मुद्दाम घेतो. निरोगी स्त्रीच्या पेशी कशा दिसतात आणि त्यांत रोजच्या रोज किती फरक पडतो, हे आधी त्यांच्यामुळे कळले. साधे काय आहे ते ठाऊक असल्याशिवाय वेगळे काय ते ओळखणार कसे?

पुढे इस्पितळातील स्त्रियांचे नमुने तपासताना पापानिकोलाऊंना काही काचपट्ट्यांवर कर्करोगाच्या पेशी दिसल्या. १९२८ साली त्यांनी हे एका परिषदेत मांडले. योगायोग असा की रुमानियात बुखारेस्ट येथे ऑरेल बाबेश या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे अशीच पद्धत शोधली होती आणि १९२७ साली आपल्या सहकाऱ्यांपुढे ठेवली होती. दोघांचेही म्हणणे त्या वेळी कोणी फारसे मनावर घेतले नाही. संशय आला तर मांसाचा तुकडा काढून तपासता येतो, मग सुट्या पेशी बघत बसायचे कशाला, असा जाणत्यांचा सवाल होता. पापानिकोलाऊंनी चिकाटी सोडली नाही. हर्बर्ट ट्राउट या स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर त्यांनी १९४१ साली निबंध आणि १९४३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि मग मात्र जगाचे लक्ष वेधले गेले. ही तपासणी त्यांच्या नावाच्या पहिल्या अक्षरांवरून 'पॅप' म्हणून ओळखली जाऊ लागली.

आता आपल्या मुद्द्याची गोष्ट. पापानिकोलाऊंनी काचपट्टीचा निकाल 'आहे' आणि 'नाही' अशा दोन खणांत टाकला नव्हता. त्यांनी पाच वर्ग केले. पहिल्या वर्गात सर्व ठीक. दुसऱ्यात पेशी थोड्या वेगळ्या, पण कर्करोगाची खूण नाही. तिसऱ्यात संशय, पण खात्री नाही. चौथ्यात दाट संशय आणि पाचव्यात खात्री. म्हणजे 'दोष' ही पहिल्यापासून एक शिडी होती. खालच्या पायरीवरच्या बाईला आणि वरच्या पायरीवरच्या बाईला एकच शब्द लावून चालणार नव्हते. पण प्रत्येक प्रयोगशाळा या वर्गांचा अर्थ आपापल्या परीने लावू लागली आणि घोळ झाला. म्हणून १९८८ साली अमेरिकेत बेथेस्डा या गावी तज्ज्ञ जमले आणि त्यांनी नवी परिभाषा ठरवली. वेगळ्या दिसणाऱ्या पण अर्थ निश्चित नसलेल्या पेशी, सौम्य बदल, तीव्र बदल आणि प्रत्यक्ष कर्करोग अशा तिच्या पायऱ्या आहेत. 'अर्थ निश्चित नाही' असा एक खण शास्त्रज्ञांनी स्वतःच करून ठेवला आहे, हे विसरू नये.

मग पेशी वेगळ्या दिसतात तरी कशाने? तुम्ही म्हणाल, कर्करोग नाही तर आणखी काय असणार? कारणे पुष्कळ आहेत. गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या बाजूला चपट्या पेशींचे अस्तर असते, आतल्या बाजूला उभट पेशींचे. जिथे दोन्ही मिळतात तिथे एका जातीच्या जागी दुसरी येण्याची घडामोड निसर्गतःच चालू असते. तिथल्या कोवळ्या पेशी कधीकधी संशयास्पद दिसतात. जंतूंमुळे किंवा बुरशीमुळे दाह झाला, अंगावरून पांढरे जात असले, तर पेशी सुजल्यासारख्या दिसतात. पाळी गेल्यानंतर शरीरातील संप्रेरक घटते, अस्तर पातळ होते आणि पेशींचे रूप पालटते. तांबी बसवलेली असली किंवा पूर्वी किरणोपचार झाला असला तरी फरक पडतो. आणि कधी नमुनाच अपुरा येतो. त्यात रक्त जास्त असते किंवा पेशी कमी असतात. तेव्हा कागदावर 'पुन्हा तपासा' एवढेच लिहून येते. त्याचा अर्थ रोग असा होत नाही.

पण एक कारण या सर्वांहून महत्त्वाचे. त्याचा माग लागायला फार काळ गेला. १८४२ साली इटलीत रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरांनी व्हेरोना शहराच्या मृत्यूच्या नोंदी तपासून एक निरीक्षण मांडले होते. मठात राहणाऱ्या जोगिणींना गर्भाशयाचा कर्करोग क्वचित होतो, विवाहित स्त्रियांना जास्त. तेव्हा शरीरसंबंधाशी या रोगाचे काही नाते असावे. ते नाते कोणते, हे समजायला सुमारे एकशे चाळीस वर्षे लागली. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन आणि त्यांचे सहकारी यांना १९८३ आणि १९८४ साली या कर्करोगाच्या पेशींत एका विषाणूचे दोन प्रकार सापडले. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही, हे त्याचे नाव; त्याच्या सोळाव्या आणि अठराव्या प्रकाराचा हा प्रताप. त्सुर हाउसेन यांना या कामासाठी २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि फार सर्रास आढळतो. संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांच्या शरीरात तो आयुष्यात कधी ना कधी येऊन जातो. दहापैकी नऊ वेळा शरीर त्याला वर्षा-दोन वर्षांत आपणहून हुसकावून लावते, आणि त्या अवधीत पेशींत झालेले सौम्य बदलही बहुधा निवळतात. क्वचित तो ठाण मांडून बसतो. मग सौम्याचे तीव्र आणि तीव्राचा कर्करोग व्हायला साधारणपणे दहा ते वीस वर्षे जातात. धूम्रपान आणि एचआयव्हीसारखी रोगप्रतिकारशक्ती खचवणारी दुखणी त्याला हातभार लावतात.

इथे एक गोष्ट उघड बोलली पाहिजे, कारण ती न बोलल्याने संसार मोडतात. कागदावर विषाणूचे नाव आले म्हणून बाईच्या चारित्र्यावर बोट दाखवण्याला शास्त्रात तिळमात्र आधार नाही. तो विषाणू कधी आला आणि कोणाकडून आला, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. तो वर्षानुवर्षे निपचित राहू शकतो. तो नवऱ्याकडून आलेला असू शकतो, आणि नवऱ्यालाही त्याची खबर नसते. तेव्हा घरात या कागदावरून कज्जा मांडणे हा शुद्ध अन्याय आहे.

असो. दोष म्हणजे कर्करोग नव्हे, हे आपण पाहिले. आता दुसरी बाजू. दोष आढळूनही नुसती वाट पाहत बसले तर काय होते, याचा दाखला न्यूझीलंडच्या इतिहासात आहे आणि तो दुःखद आहे.

ऑकलंड शहरातील नॅशनल विमेन्स हॉस्पिटल या इस्पितळात हर्बर्ट ग्रीन नावाचे नामांकित डॉक्टर होते. पेशींतील तीव्र बदल पुढे कर्करोगात जातात हे त्यांना मान्य नव्हते. उगाच शस्त्रक्रिया होऊ नयेत असा त्यांचा हेतू. १९६६ साली इस्पितळाने त्यांच्या योजनेला मान्यता दिली आणि असे बदल असलेल्या अनेक स्त्रियांना पूर्ण उपचार न करता नुसते नजरेखाली ठेवले गेले. त्या स्त्रियांना याची नीट कल्पना दिली नव्हती. इस्पितळातल्याच सहकाऱ्यांनी हरकती घेतल्या, १९८४ साली त्यांनी आकडे प्रसिद्ध केले, तरी फारशी हालचाल झाली नाही. १९८७ साली सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोन स्त्रियांनी एका मासिकात हे प्रकरण उजेडात आणले, तेव्हा सरकारने न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांची चौकशी बसवली. १९८८ साली अहवाल आला. पुढे २००८ साली या नोंदींचा पुन्हा बारकाईने अभ्यास झाला. तीव्र बदल असूनही ज्यांना पुरेसा उपचार मिळाला नव्हता, त्या स्त्रियांपैकी शंभरी एकतीस जणींना तीस वर्षांच्या अवधीत कर्करोग झाला. ज्यांना सुरुवातीलाच योग्य उपचार मिळाला, त्यांत हे प्रमाण शंभरी एकालाही पोचले नाही.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. तीव्र बदल असलेल्या प्रत्येकीला कर्करोग होतोच असे नाही. उपचाराविनाही शंभरांतल्या सुमारे सत्तर जणी वाचल्या. पण ती एकतिसांतली एक कोण, हे आधी ओळखता येत नाही. म्हणून तीव्र बदलाला उपचार हवाच. आणि तो सहसा मोठाही नसतो. दोष असलेली तेवढीच जागा गोठवून, शेकून किंवा तारेच्या फासाने काढून टाकतात.

आता आपल्या घराकडे येऊ. पॅपची काचपट्टी वाचायला तरबेज माणसे लागतात, प्रयोगशाळा लागते, आणि अहवालासाठी बाईला दुसरा हेलपाटा पडतो. फिनलंडसारख्या देशाने १९६३ पासून ही तपासणी पद्धतशीर राबवून या रोगाचे प्रमाण फार खाली आणले. पण आपल्या खेड्यापाड्यांत ते कसे जमावे? म्हणून सोप्या वाटा शोधण्यात आल्या, आणि त्यांची पारख महाराष्ट्रातच झाली, ही अभिमानाची गोष्ट. सौम्य व्हिनेगर, म्हणजे तीन ते पाच टक्क्यांचे आम्ल, गर्भाशयमुखावर लावायचे आणि मिनिटभर थांबायचे. बदललेल्या पेशींची जागा पांढरी दिसते. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या जणींची ही तपासणी प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी केली. त्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

त्याहून आपल्या जवळचा प्रयोग उस्मानाबाद जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या धाराशिवचा. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ साली तो सुरू केला. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. त्यांचे चार गट केले. एकाला व्हिनेगरची तपासणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला विषाणूची तपासणी आणि चौथ्याला त्या वेळी मिळे ती नेहमीची सेवा. आठ वर्षांनी हिशेब झाला. विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, चौथ्या गटात ६४. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीवाचून का ठेवले, अशी टीकाही या प्रयोगावर पुढे झाली. इतिहास सांगताना तीही सांगितली पाहिजे.

या प्रयोगातला आणखी एक हिशेब शिक्षक मंडळींनी फळ्यावर मांडावा इतका मोलाचा आहे. शंभर स्त्रिया तपासल्या तर व्हिनेगरने सुमारे १४ जणींत दोष दिसला, विषाणूच्या तपासणीत सुमारे १० आणि पॅपमध्ये सुमारे ७ जणींत. पण पुढची बारीक तपासणी केल्यावर कर्करोगाच्या आधीचा तीव्र बदल किती जणींत सापडला? तिन्ही पद्धतींत शंभरात साधारण एक, किंवा त्याहूनही थोडे कमी! म्हणजे चाळणीत वर राहिलेल्या दहा-पंधरा जणींपैकी बहुतेकींना भ्यायचे कारण नव्हते. आणि जिला होते ती त्याच दहा-पंधरांत होती. ती परत आलीच नसती, तर सापडली असती कशी?

परत गेल्यावर काय होते, तेही सांगतो. सौम्य दोष असला तर बहुधा काही महिन्यांनी किंवा वर्षाने तपासणी पुन्हा करतात, किंवा विषाणू आहे की नाही ते पाहतात. गरज पडली तर कॉल्पोस्कोप नावाच्या दुर्बिणीतून ती जागा मोठी करून पाहतात. हे यंत्र हिन्सेलमान या जर्मन डॉक्टरांनी १९२५ साली बनवले. संशय राहिला तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवतात. खरा निकाल लागतो तो या तुकड्यावर.

भीतीचा बाजार कसा मांडला जातो, हेही आपल्या राज्याने पाहिले आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे उघड झाले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून जाणे, पोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांना कर्करोगाची भीती घातली गेली, असे त्यांतल्या अनेकींनी सांगितले. तेव्हा नुसत्या 'दोष आढळला' या शेऱ्यावर कोणी पिशवी काढायला सांगत असेल, तर थांबावे. "तुकडा तपासला का? त्यात काय आले? लेखी द्या," असे विचारावे, आणि सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांनी दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी करून घ्यावी. मुलींसाठी विषाणूविरुद्धची लस आहे. पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेल्या लशीला २०२२ साली परवानगी मिळाली. पण लस घेतली म्हणून पुढे तपासणी टाळता येत नाही. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दुर्गंधी येणारे पाणी अंगावरून जाणे, असे काही असेल तर शिबिराची वाट न पाहता सरळ डॉक्टर गाठावा. तिथे चाळणीचा प्रश्नच उरत नाही.

गुरुजी आणि बाई, गावात कागद वाचून दाखवायला लोक तुमच्याकडेच येतात. उद्या एखादी माउली पदराआडून असा कागद पुढे करील. तिला दोन गोष्टी सांगा. एक, हा निकाल नाही, पुढे बोलावल्याचा निरोप आहे. दोन, ज्या तारखेला बोलावले असेल त्या तारखेला जायचे, सुगी असो की लगीनसराई. आणि तिचा नवरा बरोबर आला असेल, तर त्यालाही बसवून हेच सांगा. एसटीचे भाडे आणि त्या दिवसाची रजा त्याच्याच हातात असते.